विंझरच्या मावशींचा घास

सर, विंझरच्या मावशींवरून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत ते कायमचंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या बाजूने ते भांडण अजून मिटलेलं नाही.

नव्वदच्या दशकातला भोरमधला तुमचा दवाखाना. मध्ये लाकडी पार्टिशन, अलीकडे पेशंटसमोर मी, तुमची शिकाऊ, आणि पलीकडे कान लावून तुम्ही. संमोहनाचा मजकूर तुम्ही माझ्याकडून पाढ्यांसारखा घोकून घेतला होता. एक शब्द हलला की सगळं फसतं, म्हणायचात. मीही तो तुमच्याच ठेक्यात म्हणायचे, तुम्ही थांबायचात तिथेच थांबायचे. मावशी जेवत असताना भाऊ अपघातात गेल्याची बातमी आली आणि तेव्हापासून त्यांना घास गिळवेना. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, घशात काही निघालं नाही. पेजेवर बाई निम्मी झाली होती. मी सुरू करते, "आता तुमच्या शरीरावर तुमचा ताबा राहिलेला नाही. फक्त हा आवाज..." आणि मावशी टक्क डोळे उघडतात. मला निरखत दरडावतात, "कोन हायेस तू? कुठनं आलास? सोड बाईला!"

माझ्याच अंगात कोणीतरी आलंय, असं वाटलं होतं त्यांना! "आवं, त्यो आवाज तुमचा न्हाई. कुना बाप्याचा हाय," म्हणाल्या. मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या. पलीकडे तुम्ही खाकरलात.

तिथेच मी तुमचा मजकूर सोडला. भाऊ कसा होता, विचारलं. "लई खादाड," मावशी म्हणाल्या. मी माझा भाकरी-चटणीचा डबा उघडून दोघींच्या मध्ये ठेवला आणि आवाज हळू करत विचारत राहिले. भाकरी आवडायची का त्यांना? कशाबरोबर? "त्येला शिळीच लागायची, त्याल-चटनीसंगं." सांगता सांगता त्यांनी तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. घास उतरला. मी लगेच पुढचा प्रश्न विचारला.

तेवढ्यात तुम्ही आत आलात. "हे संमोहन नाही. पारावरच्या गप्पा आहेत या!" तेही पेशंटसमोर. मावशींनी चावणं थांबवलं नाही. "वरडू नगा त्यांना," म्हणाल्या, "म्या जेवतीय न्हवं."

सर, तेच संमोहन होतं. मन भावात गुंतलं आणि घास नकळत उतरला. तेव्हाही म्हटलं होतं, आता पुन्हा म्हणते. त्या महिन्यातच मी तुमच्याकडून निघाले आणि कापूरहोळला स्वतःची खोली घेतली. तिथे येणाऱ्यांना मी झोपवलं नाही, हुकूम सोडले नाहीत. त्यांच्याशी बोलले. काही बरे झाले, काही नाही झाले. तुमच्या पाढ्यांनी तरी कुठे सगळे बरे व्हायचे?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही त्यात चुका काढल्या असत्यात. पण एखादा पेशंट हसत घरी गेला की आजही पहिलं मनात येतं, हे सरांनी बघायला हवं होतं. याचा मला भयंकर राग येतो.