दहा लाख बावीस हजार एकशे सतराचे भाग

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, पेशाने टर्नर, पूर्ण शुद्धीत हे लिहितो. डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी केली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर मुलाला. गेल्या महिन्यात त्याने काकाची कॉलर धरून "दुसरा हातही मोडीन" असा दम दिला. हात उगारणे तो माझ्याकडून शिकला. काकाला किंवा माझ्या पुतणीला त्याने पुन्हा हात लावला, तर घर पुतणीचे.

कलम २. वडिलांची लोखंडी पट्टी. भागाकार चुकला की ते आम्हा भावांच्या बोटांवर तिची धार मारत. धाकट्याच्या नखातून रक्त आले की मी हसायचो, कारण तेवढा वेळ माझी सुटका असे. पट्टी वितळवावी, कोणाला देऊ नये.

कलम ३. वह्या पुतणीला. त्यात दहा लाख तीन ही संख्या मूळ असल्याचे मी हाताने पडताळले आहे. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागले, दर वेळी बाकी उरली. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणूनही मांडता येत नाही. असला आडमुठेपणा मला आवडे. पुढे तीच यादी मी दहा लाख बावीस हजार एकशे सतराला लावली. एकानेही भाग गेला नाही. मी ती मूळ ठरवली आणि पितळी पाटीवर कोरून कारखान्याच्या दारावर ठोकली.

कामगार बाहेर जेवत होते तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, हिचं वर्गमूळ हजाराच्या पुढे जातं. तू हजारालाच थांबलास. एक हजार नऊने भाग जातो, एक हजार तेरा वेळा. पाटी उतरव, लोक हसतील."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही रे. गुणून बघ."

मी गुणले नाही. त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबला आणि हातोडी घातली. हाड मोडल्याचे ऐकूनही थांबलो नाही. दवाखान्यात सांगितले, "लेथमध्ये गेला." तो गप्प राहिला. एकतीस वर्षे सगळे त्याला वेंधळा म्हणतात, आणि मीच त्याला यंत्रापासून दूर, गोदामात बसवले.

कलम ४. कारखाना धाकट्याला, असे मी लिहिले होते. त्याने मसुदा वाचला.

"तीन घाव लिहिलेस. चार होते."

मी तीन खोडून चार लिहिले.

"आणि कारखाना मला नको. पोरीला दे, तिचा हात लेथवर बसलाय."

"तुला का नको?"

"ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करायची नसते म्हणे. मला सही करायची आहे."

म्हणून कारखाना पुतणीला.

कलम ५. पुढील मजकूर मुलासमोर आणि सर्व कामगारांसमोर मोठ्याने वाचावा: धाकट्याचा हात लेथने मोडला नाही. मी मोडला, चार घावांत. त्याचे गणित बरोबर होते.

स्थळ: कारखान्याची मागची खोली. दिनांक: ७ मार्च.

लिहून देणार: थोरला भाऊ.

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई. हात लेथमध्ये सापडल्याची नोंद तेव्हा यांनीच केली होती.

साक्षीदार पहिला: धाकटा भाऊ. डाव्या हाताने सही करायला त्याला वेळ लागला. आम्ही थांबलो.