टाके निघेपर्यंत अपघात शून्य

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ ६.४०
मांजर ताब्यात घेतलं. नाव बटण. वय आठ महिने, वजन अडीच किलो. आज दुपारी नसबंदीचं ऑपरेशन झालं. पोटावर पाच टाके. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर.

मांजर मुलीचं. मुलगी आणि तिची आई सकाळीच बुद्धिबळाच्या स्पर्धेला बाहेरगावी गेल्या, येणार वीस तारखेला. ऑपरेशनची तारीख हलेना, स्पर्धेचीही हलेना. मुलगी स्पर्धा सोडायला निघाली होती. कारण काय, तर बाबाला जमणार नाही. तेरा वर्षांची पोरगी! बावीस वर्षं मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. चारशे कामगारांचे हातपाय माझ्या भरवशावर जागेवर आहेत. हे तिला ऐकवलं. ती म्हणाली, ठीक आहे बाबा, पण बटणला काही झालं तर मी तुझ्याकडे परत काही सोपवणार नाही. मी हसलो. नंतर हसू टिकलं नाही.

घरी सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना या कामात धरलेलं नाही. उलट त्यांच्याकडेही मलाच बघायचं आहे. म्हणजे पेशंट दोन. पाच दिवसांची रजा टाकली आहे.

डॉक्टरीणबाईंच्या सूचना: कॉलर काढायची नाही. उड्या मारू द्यायच्या नाहीत. अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. टाके रोज दोनदा बघायचे, सूज किंवा ओल दिसली तर लगेच आणायचं. घरात आणखी कोणी आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी चारशे माणसं सांभाळतो म्हटलं. त्या म्हणाल्या, माणसं ऐकतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ ७.१५
हॉलच्या भिंतीवर फळा लावला. ‘अपघातविरहित दिवस: १’. शेजारी चौतीस मुद्द्यांची चेकलिस्ट. सासूबाईंनी विचारलं, हे मांजर वाचणार का. त्यांना सिस्टिम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

७.४०
गोळी. कार्यपद्धती: टॉवेलात गुंडाळणे, जबडा उघडणे, गोळी आत, जबडा बंद. अपेक्षित वेळ दोन मिनिटं.

८.२५
गोळी गेली. कुठे गेली ते नक्की सांगता येत नाही. पण माझ्या हातात नाही, म्हणजे पोटात असणार.

८.३०
डाव्या हातावर तीन ओरखडे, नाकावर एक. ही फर्स्ट एड केस. अपघातात धरत नाहीत. कारखान्यातही धरत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ ७.००
मांजराने कॉलर काढली. मग टेबल, टेबलावरून फ्रिज, फ्रिजवरून पडद्याची दांडी. नुकसान होऊ शकलं असतं पण झालं नाही, अशा घटनेला आमच्यात निअर मिस म्हणतात. आजचे निअर मिस: अकरा. निअर मिस जितके जास्त तितकी देखरेख चांगली, असं मी ट्रेनिंगमध्ये शिकवतो. त्या हिशेबाने आजचा दिवस उत्तम.

मुलीचा फोन. सगळं नॉर्मल म्हणून सांगितलं. टाके पाहिलेस का, विचारलं. हो म्हटलं. प्रत्यक्ष पाहिले नाहीत, मांजर हाताला लागेल तर ना. पण ते पोट टेकून बसलं होतं. टाके दुखत असते तर बसलं असतं का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार ४.३५
दोन ते साडेचार सोफ्यावरून निरीक्षण. मध्ये डोळे मिटले होते, कान उघडे होते. उठून बघतो तर कॉलर परत गळ्यात, पट्टाही नीट बसलेला! तीन दिवसांत जनावराला शिस्त लागली. कारखान्यात हेल्मेटसाठी मला सहा वर्षं लागली.

गोळ्यांचं पाकीट मात्र भलतंच लवकर संपलं. मेडिकलवाल्याने मोजताना घोळ घातला असणार. आणखी आणल्या. सासूबाईंचे गुडघे बरे दिसतात, सकाळी लवकर उठून काहीतरी करत असतात. माझ्या देखरेखीचा त्यांनाही गुण येतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ ११.००
सोफा सरकवून साफसफाई. खाली नऊ अर्ध्या गोळ्या. पाच दिवसांत मी दिल्या दहा. म्हणजे मांजर एकाच अर्ध्या गोळीवर ठणठणीत बरं होतंय. हे डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं, त्यांना उपयोगी पडेल.

फळ्यावर ५. फळ्यापुढे उभं राहून फोटो काढला.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ १०.२०
मांजर खिडकीतल्या उन्हात उताणं पडलं होतं, कॉलर बाजूला. टाके पहिल्यांदाच नीट दिसले.
चार.
पुन्हा मोजले. चारच. पाचव्याच्या जागी लाल आणि ओलं.

१०.४५
या घटनेचं वर्गीकरण काय करायचं? अपघात म्हणावा तर फळा पुन्हा शून्यापासून. निअर मिस म्हणावा तर काहीही टळलेलं नाही, व्हायचं ते झालंय. तूर्त ‘निरीक्षण’ या सदरात टाकलं. दवाखाना आज बंद. डॉक्टरीणबाईंचा मोबाईल नंबर कागदावर आहे, पण रविवारी कोणालाही त्रास द्यायचा नाही हे माझं तत्त्व आहे. हे तत्त्व मला आजच सापडलं.

टाके तिसऱ्यांदा मोजायला गेलो, दारातूनच परत आलो. हे चेकलिस्टमध्ये कुठे लिहायचं ते कळत नाही.

संध्याकाळ ६.५०
मुलीचा फोन. उद्या तिचा महत्त्वाचा डाव. अशा वेळी तिचं लक्ष उडणं ही गंभीर जोखीम, म्हणून टाके किती विचारल्यावर पाच म्हटलं. खोटं बोललो असं नाही. पाच घातले होते. ती म्हणाली, बरं बाबा.
फळ्यावर ६ लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपार २.३०
रजा संपली. सकाळी कारखान्यात पहिल्या पाळीपुढे नेहमीचं दहा मिनिटांचं भाषण. विषय महिन्यापूर्वीच ठरलेला: छोटा अपघात लपवू नका. पंचवीस मिनिटं बोललो. एवढ्या तळमळीने कधी बोललो नव्हतो. शेवटी एका वेल्डरने विचारलं की साहेब, सेफ्टीवाल्यानेच लपवला तर कोणाला सांगायचं? प्रश्न चांगला आहे म्हटलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो.

घरी मांजर नाही. सासूबाईही नाहीत. पलंगाखाली, कपाटांवर, वॉशिंग मशीनच्या आत, सगळीकडे पाहिलं. ते ओल्या टाक्याचं पोट डोळ्यांपुढून हलेना. माझ्या घाबरटपणापायी हे जनावर गेलं तर मुलीला तोंड दाखवता येणार नाही, असं वाटलं. वाटलं कशाला, तसंच होतं. पिंजरा उचलला आणि दवाखान्यात पळालो. मांजर हरवलेलं असताना रिकामा पिंजरा कशाला नेला, ते आत्ता लिहितानाही कळत नाही.

बाकावर सासूबाई. मांडीवर शालीत बटण. नवा टाका घालून झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या की आजींनी काल सकाळीच फोन केला म्हणून थोडक्यात निभावलं. आता कॉलर आणखी दहा दिवस. नवा टाका आला म्हणून गोळ्याही आणखी पाच दिवस. आधीच्या गोळ्यांचा कोर्स मात्र आजींनी अगदी वेळेवर पूर्ण केला, असंही म्हणाल्या. मी नऊ अर्ध्या गोळ्यांचा विषय काढला नाही.

संध्याकाळ ५.१५
टॅक्सीत सासूबाईंना सगळं विचारलं. मी उठायच्या आत सकाळची गोळी आणि मी मुलीशी फोनवर असताना संध्याकाळची, त्या देत होत्या. कॉलर त्याच चढवत होत्या. आणि रोज माझ्या फोनआधी मुलीचा त्यांना फोन येत होता. म्हणजे काल मी पाच म्हटलं तेव्हा तिला चार माहीत होते.
मला का नाही सांगितलंत, विचारलं. म्हणाल्या, तुम्ही फळा लिहीत होता, मध्ये कशाला बोलायचं.
फळ्यावर शून्य लिहिलं. सासूबाई म्हणाल्या की आता तो काढाच, भिंत दिसू दे. काढला.

६.५०
मुलीचा फोन. डाव हरली. कसं हरली ते सगळं सांगितलं, घोडा कुठे अडकला तेही. बटणबद्दल मला एक शब्द विचारला नाही. रोज विचारायची तेव्हा कटकट वाटायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ ६.३०
काल सासूबाईंकडे काम मागितलं. टॉवेल धरायचं मिळालं. गोळी कशी देतात ते आज पाहिलं. बटणला मांडीवर घेतात, आपल्या थोरल्या जावेच्या कागाळ्या सांगतात, आणि ती ऐकत असतानाच गोळी आत. घड्याळ लावलं होतं, चार सेकंद. यात तंत्र काय, विचारलं. म्हणाल्या, तुम्ही आधी ते घड्याळ ठेवा.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ ७.४५
दोघी परत आल्या. मुलीचा चौथा नंबर. मी अभिनंदन केलं, ती थँक्यू म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं. बटण तिच्या खांद्यावर चढून घुरघुरायला लागली. बायकोने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि बॅगा आत नेल्या.

गोळीची वेळ झाली. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून मुलगी म्हणाली, बाबा, पाय धर. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने मला काम सांगितलं. धरले. बटणने मला मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. गोळी गेली, पण रक्त चांगलंच आलं. मुलीने विचारलं, दुखतंय का?
फर्स्ट एड केस, काही नाही, असं तोंडावर आलं होतं. हो म्हटलं, खूप दुखतंय. आणि मग थांबताच येईना. रविवारी चार दिसले होते, तुला पाच सांगितले, घाबरलो होतो, फोन करायला हवा होता, सगळं एका दमात. ती म्हणाली, माहितीये. तिने माझा हात नळाखाली धरला. औषध लावताना फुंकर घालत होती. सहा महिन्यांची असताना मी तिच्या गुडघ्यावर घालायचो तशी. नाही, सहा वर्षांची. सहा महिन्यांची पडते कुठून.

पट्टी बांधून झाल्यावर तिने विचारलं की आता कॉलर निघेपर्यंतचे सात दिवस कोण बघणार. मी म्हटलं, मी आहेच की. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आजीला हाक मारून विचारलं की आजी, तुला बटणबरोबर बाबाकडेही लक्ष द्यायला जमेल का.

सासूबाई टॉवेलने केस पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, इतके दिवस दुसरं काय करत होते?