रविवारचं ठरलेलं उत्तर

प्रिय हर्षाली,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोनवर तू काही बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. रविवारी तुझा फोन येतो. बाबा ‘हाऊ आर यू?’ विचारतात, तू ‘आय अ‍ॅम फाइन, बाबा’ म्हणतेस, माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून देतेस. रविवारी कसली गं मीटिंग?

बाबा निवृत्त झाले तरी मास्तरकी काही सुटलेली नाही. पाथर्डी फाट्याच्या या घरात, पुढच्या व्हरांड्यात दहावीच्या पोरींना इंग्रजी शिकवतात, तेही फुकट. मी भाजी निवडता निवडता ऐकत असते. रजेचा अर्ज, नगरपालिकेला तक्रार, मैत्रिणीचं अभिनंदन. इतकी वर्षं ऐकतेय, पण रजेच्या अर्जात तापाशिवाय दुसरं दुखणं अजून कुणाला झालेलं नाही. आणि मैत्रिणीच्या पत्रात ‘मी इकडे मजेत आहे, तूही मजेत असशील’ हे पहिलं वाक्य; ते राहिलं की मार्क गेले. मी दहावीला इंग्रजीतच आपटले आणि वर इंग्रजीच्याच मास्तराच्या गळ्यात माळ घातली, तेव्हा हसायचा हक्क मला आहे.

आपल्या घरचा जेवणाचा नियम आठवतो ना? ताटं वाढली की फक्त इंग्रजी. मी मुकाट वाढायची. तुझी आजी, कुसाबाई, सटाण्याहून आल्या की त्यांचे फार हाल व्हायचे. एकदा त्यांनी रिकामं ताट पुढे सरकवलं आणि बाबांना म्हणाल्या, “आते मी भूकबी इंग्रजीमा सांगू का रे?” तू हसून हसून ठसका लावून घेतलास. बाबा मात्र हसले नाहीत. स्वतःच्या आईची अहिराणी बोली त्यांनी उंबऱ्याबाहेरच ठेवली होती. सातपूरच्या शाळेत नवीन लागले तेव्हा स्टाफरूममधले लोक त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचे, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. आपल्या लेकीला कुणी हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आठवीत तू सायकलवरून पडलीस, तो दिवस मला विसरता येत नाही. गुडघा सोलून निघाला होता, फ्रॉकला रक्त लागलं होतं. त्या रात्री ताटावर बाबांनी नेहमीसारखं विचारलं आणि तू ताठ बसून ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू’ म्हणालीस. उच्चार असा काही स्वच्छ, की बाबांनी खूश होऊन स्वतःच्या वाटीतला गुलाबजाम तुला दिला. फ्रॉकवरचं रक्त त्यांना दिसलंच नाही. नंतर ओट्यापाशी येऊन माझ्या पदरात तोंड खुपसून रडलीस. तेव्हा ओटा तरी होता गं. आता पुण्यात तू रडायला कुठे जात असशील, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

मागच्या सोमवारी शिकवणीत संवादाचा धडा होता. बाबांनी विचारलं, हाऊ आर यू? पोरी एका सुरात ओरडल्या, आय अ‍ॅम फाइन, थँक यू, सर! बाबा खुर्चीत बसले ते उठेचनात. पोरींना घरी पाठवून दिलं आणि आत येऊन पाटावर टेकले. म्हणाले, “अगं, एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली. बरं नसलं तर काय म्हणायचं, ते एकालाही शिकवलं नाही मी. पेपरात कधी आलंच नाही गं ते.” मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

हे त्यांना त्याच दिवशी का सुचलं, ते सांगायला हे पत्र. आदल्या दिवशी दुपारी तुझा मामेभाऊ ललित द्राक्षांची पेटी घेऊन तुझ्या पुण्याच्या घरी गेला होता. दार जावईबापूंनी उघडलं. तू दिवाळीपासून तिथे राहत नाहीस, कोथरूडला खोली घेऊन एकटी राहतेस, हे आम्हाला असं कळलं. आणि त्याच संध्याकाळी फोनवर तू ‘फाइन’ म्हणालीस. पोरी, कुणाचं चुकलं ते आम्ही विचारणार नाही. यावंसं वाटेल तेव्हा ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे. या रविवारी फोन बाबाच घेतील, पण ते इंग्रजीत विचारणार नाहीत. “कशी शे तू?” असं आजीच्या बोलीत विचारणार आहेत. जिभेला सवय राहिली नाही, म्हणून न्हाणीघरात पुटपुटत असतात. मी ऐकलं नाही असं दाखवते. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तुझ्याकडून कधी पाठ करून घेतलेलं नाही. जे असेल ते सांग. बोलता आलं नाही तर नुसती रड, पण फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई