कटंगी लाइनचा मामा

बाबूजी,

उद्या मला भाषण करायचं आहे. तुम्ही हसाल, कारण घरी पाहुणे आले की मी कोठीत लपायची आणि तुम्ही मला हाताला धरून बाहेर काढायचात. पण इथे लंडनमध्ये मी ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे तिथे सहा नव्या मुली आल्या आहेत, कोणी केरळची, कोणी नेपाळची, एक तर आपल्या गोंदियाची. आमच्या मॅनेजर बाईंनी फर्मावलं की तू इथे नऊ वर्षं काढलीस, तेव्हा परक्या शहरात रस्त्यावर स्वतःला कसं जपायचं ते तूच त्यांना सांग. मी कागद घेऊन बसले. फोन हातात धरून फुटपाथच्या कडेनं चालू नका, सायकलवरून येतात आणि बोलता बोलता उचलून नेतात. पर्स आडवी घाला आणि पुढे ठेवा. पासपोर्ट खोलीत, त्याची झेरॉक्स जवळ. रस्ता चुकलात तर चौकात उभं राहून नकाशा पाहू नका, एखाद्या दुकानात शिरा. कोणी हिसकावलंच तर वस्तू सोडा, तिच्यामागे धावू नका. सगळं खरं आहे आणि सगळं मी ठेच खाऊन शिकले आहे. पण कागद भरल्यावर लक्षात आलं की यातलं सगळ्यात मोठं जे मला कळलं ते इथे कुठेच नाही. ते तुमच्याकडून आलं होतं, आणि तुम्ही देत होतात तेव्हा मी ते घेतलं नव्हतं.

मी सहा-सात वर्षांची असेन. तुम्ही कटंगी-तुमसर गाडीवर कंडक्टर. शाळेला सुटी असली आणि आई धानाच्या रोवण्याला गेली की मला सांभाळणार कोण, म्हणून मी गाडीवर. त्या दिवशी बाजार आहे. गाडीत माणसं, कोंबड्या, तांदळाचे कट्टे, वांग्यांची पोती, मुंगी शिरायला जागा नाही. मी ड्रायव्हर काकांच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसले आहे आणि ते तापलं की पाय वर घेते आहे. एका थांब्यावर पांढरा सदरा घातलेला एक हडकुळा माणूस चढतो. तो चढताच बाया पदर कमरेला घट्ट खोचतात, म्हातारे खिशावर हात ठेवतात, आणि मला यातलं काही समजत नाही. तुम्ही गर्दीतून वाट काढत येता, मला झाकणावरून उचलता आणि सरळ त्या माणसाच्या हातात देता. "हे तुही भाची होय," तुम्ही म्हणता. "हिले धर. तुमसरले उतरवून दे." तो दचकतो. "माह्याजवळ काहून देता?" तुम्ही म्हणता, "मंग कोणाजवळ देऊ? मामा त तूच आहे न." आणि पाठ फिरवून तिकिटं फाडत मागच्या सीटांकडे निघून जाता. एकदाही वळून पाहत नाही. बावनथडीचा पूल येतो, मी पाणी पाहायला खिडकीत वाकते, तेव्हा तो माझा फ्रॉक मागून मुठीत धरतो. तासभर त्याचे दोन्ही हात माझ्यातच गुंतलेले. तुमसरला त्यानं मला अलगद उतरवलं आणि भर स्टँडवर वाकून माझ्या पायांना हात लावला.

त्याचं मला काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतोच. पुढे नागपूरच्या हॉस्टेलात मी हे सांगितलं तेव्हा पुण्याकडच्या मुली पोट धरून हसल्या, त्यांच्याकडे भाचीनं मामापुढे वाकायचं असतं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे भाचीला दुखवलेलं पाप कोणी डोक्यावर घेत नाही, दरोडेखोरसुद्धा नाही. त्या आणखी हसल्या. त्या हॉस्टेलातच मी मराठी लिहायला शिकले, बाबूजी. आपण मध्य प्रदेशात, म्हणून शाळा सगळी हिंदीत आणि घरचं बोलणं तुमच्या-आईच्या मराठीत, त्यामुळे तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहावं असा प्रसंगच कधी आला नाही.

तो माणूस कोण होता हे मला दहा वर्षांनी कळलं. ड्रायव्हर काका घरी आले होते आणि चहाच्या कपाबरोबर रंगात येऊन सांगत होते की कटंगी लाइनचा तो नामी पाकीटमार, "त्याच्याच मांडीवर तुह्या बाबूजीनं तुले बसवलं, अन् त्या रोजी गाडीत एकाचाही खिसा कापला गेला नाही." काका हसत होते, चुलीपुढे आई हसत होती. मी मात्र पेटले. सोळाव्या वर्षी राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. तुम्ही पाटावर बसून भातावर कढी घेत होतात. मी म्हणाले, "लोकायचे खिसे वाचवाले मले चोराजवळ देलं? तो मले घेऊन पळाला असता त?" तुमचा हात थांबला. आई म्हणाली, "बापासंग असं बोलते काय?" तुम्ही तिला हातानंच गप्प केलं आणि सावकाश म्हणालात, "त्याले कोणी काही धराले देत नवतं, बाई. सारे त्याच्यापासून लपवतच होते. मंग तो घेत होता." मी म्हणाले, "हे काही उत्तर नाही झालं." तुम्ही म्हणालात, "हौ. नाही झालं." आणि खाली मान घालून जेवलात.

गळाला गांडूळ लावतात तसं तुम्ही मला लावलं, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलं. दोन वर्षं मी तुमच्या गाडीत पाय ठेवला नाही. तुमसरच्या मावशीकडे जायचं असलं तरी तुमची गाडी सोडून मागची धरायची. तुम्ही दारात उभे असायचात, मला स्टँडवर पाहायचात आणि शिट्टी द्यायला जरा उशीर करायचात. मी तोंड दुसरीकडे करायची. मग मी नागपूरला गेले आणि दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात, एका दुपारी, छातीत कळ येऊन. राग तोवर विरला होता, पण ते बोलायचं राहून गेलं. आज याला सतरा वर्षं झाली.

लंडनला आल्यावर तिसऱ्याच महिन्यात माझा फोन गेला. मी आईला व्हिडिओवर रस्ता दाखवत चालले होते, हे पाहा लाल बस, हे पाहा फुलांचं दुकान. बालाघाटला माझ्या भावाच्या घरी बसलेल्या आईला एक काळा हातमोजा दिसला, मग थोडं आकाश, मग काहीच नाही. फोनचं दुःख चार दिवसांत ओसरलं. भीती राहिली. मी किल्ली बोटांत धरून चालायला लागले, दुकानांच्या काचांत मागचं माणूस पाहायला लागले, मागून पावलं जवळ आली की बुटाची लेस बांधायला खाली बसायला लागले. जे लोक रोज आपल्या पोरांना शाळेत सोडायला निघत, ते सगळे मला चोर दिसत. गोष्ट इतकी वाढली की आश्रमातल्या म्हाताऱ्यांना बाहेर न्यायची पाळी आली की मी कारणं काढायची.

माझ्याकडे एक नव्वदीची आजी होती, चाकाच्या खुर्चीवरची, जिभेनं तिखट. तिचा एकच हट्ट, गुरुवारी बाजारात जायचं आणि गाडीवरच्या उकडलेल्या शिंपल्या व्हिनेगर टाकून वाटीभर खायच्या. तिच्या लहानपणापासूनचा नेम. मी एका गुरुवारी पाऊस आहे म्हटलं, दुसऱ्या गुरुवारी ब्रेक ढिला आहे, तिसऱ्या गुरुवारी तुमचं बीपी. चौथ्या गुरुवारी ती म्हणाली, "चोर तुझ्या मागे लागलाय आणि कोंडून मला ठेवलंय." हे मॅनेजर बाईंनी ऐकलं. त्यांनी मला ऑफिसात बोलावून स्पष्ट सांगितलं की बाहेरचं काम जमत नसेल तर मला ठेवता येणार नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला. पुढच्या गुरुवारी मी खुर्ची बाहेर काढली आणि दर दहा पावलांवर थांबून मागे पाहत राहिले, आणि ते आजीला खुर्चीतून कळत होतं.

सकाळचे दहा. स्टेशनपासून एक माणूस आमच्या मागे आहे. उंच, दाढीवाला, डोक्यावर टोपी ओढलेली. आम्ही थांबलो की थांबतो, काचेत मला दिसतो. आजीची पर्स तिच्या मांडीवर उघडी, माझी खुर्चीच्या मुठीला अडकवलेली, म्हणजे जी चूक करू नका असं मी उद्या सांगणार आहे नेमकी तीच. पुढे फुटपाथ खणून ठेवलेला, खाली उतरायचं तर चाकं उचलावी लागणार, आणि दोन्ही हात गुंतले की पर्स गेलीच. तो जवळ येत होता. आणि मी वळले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मामा, जरा धरा न." चक्क मराठीत. बाबूजी, मी ठरवून काही केलं नाही, ते मी नव्हतेच. तो थबकला. त्याला त्यातला एकच शब्द कळला आणि तो इंग्रजीत आईला म्हणतात. "मामा?" तो म्हणाला. "मी कोणाची आई वाटतो तुला?" आजी खदखदून हसली आणि म्हणाली, "आई नसशील तर नसो, हात तर आहेत ना? धर."

आणि त्यानं धरली. टोपी मागे केली, खुर्चीच्या मुठी घेतल्या, चाकं कशी उचलू विचारलं. खड्डा ओलांडून झाल्यावर मला वाटलं आता तो मुठी सोडेल, पण तो खुर्ची ढकलत राहिला. आजीनं त्याला पांघरूण नीट करायला लावलं, हळू चाल म्हणून दटावलं, मग त्याचं गाव विचारलं, आई विचारली. त्याची आई वारलेली होती. तो उंच माणूस माझ्यासमोर दर पावलागणिक कोणीतरी वेगळाच होत चालला होता आणि मी पाहत होते. मला आयुष्यात इतकं नवल कधी वाटलं नाही. मी माणसं जन्मताना पाहिली आहेत, जाताना पाहिली आहेत, पण एका शब्दानं माणूस असा बदलताना पहिल्यांदा पाहिला. बाजाराच्या तोंडाशी त्यानं मुठी माझ्या हाती दिल्या, माझी पर्स काढून माझ्या गळ्यात आडवी घातली आणि म्हणाला, "इथे असं लटकवायचं नसतं. आणि फोन मागच्या खिशात ठेवू नकोस, आतल्या खिशात ठेव." फोन माझ्या कोटाखाली पॅन्टच्या मागच्या खिशात होता. तो त्याला कसा दिसला हे मी विचारलं नाही.

तो चोर होता की त्याच वाटेनं जाणारा एखादा भला माणूस, मला आजही ठाऊक नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिनं आधी विचारलं, "पाया पडला का मंग?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "त्यायच्यात नसन." मग म्हणाली, "बापावर गेली तू." पूर्वी हे वाक्य ती भांडणात म्हणायची. त्या दिवशी मला ते कोणीतरी गळ्यात हार घालावा तसं वाटलं. आता मी दर गुरुवारी बाहेर पडते, आजी गेल्यानंतर दुसऱ्यांना घेऊन. सावध असते, कागदावरचं सगळं पाळते, पण येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहते. आणि दर वेळी मनात येतं, ज्याला सगळी गाडी चोर म्हणत होती त्याला मामा म्हणायचं तुम्हाला सुचलं तरी कसं. हे तुम्हाला कोणी शिकवलं, हे विचारायला हवं होतं. मी भांडत बसले.

मुलींना मात्र हे सांगणार नाही. त्यांनी माझ्या भरवशावर कोणाच्या हाती काही दिलं आणि तो घेऊन पळाला, तर मी त्यांना काय तोंड दाखवू. त्यांना फोन आतल्या खिशात ठेवा एवढंच सांगेन. हे पत्रही कुठे जाणार नाही, पण एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही ती तुम्हाला सांगते. त्या माणसानं खुर्ची ढकलत नेली तेव्हा बाजार येईपर्यंत माझा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरच होता, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी बोटं मिटत नव्हती. त्याला ते दिसलं असणारच, तरी तो काही बोलला नाही. खुर्चीत बसलेली म्हातारी माझी कोणी नव्हती, बाबूजी, आणि तरी मला हात सोडवला नाही. तुम्ही तर पोटची पोर दिली होती.