दिव्यावरची चिकटपट्टी

सोमवार
गावभराची नावं सांभाळणारं ऑफिस, आणि झाडू दिला तो टकला! पहिल्याच दिवशी साहेबाला सुनावलं. बाकी नोकरी झकास. लेकीचं घर जवळ, तिथंच राहायला आले. मशीनची खोली थंडगार. तिथली एक पेटी सारखी टीं टीं करते. डोकं उठलं. बटण दाबून गप्प केली, वरच्या पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावली.

मंगळवार
जुन्या गावानं त्यांच्या यादीतून माझं नाव कमी केलं. आज इथं चढवलं आणि तेवढ्यात वीज गेली. ट्रान्सफॉर्मर जळाला, शुक्रवारी येणार म्हणे. मशीनवाला म्हणाला, काकू, घाबरू नका. नाव आधी त्या पेटीत येतं, मग डिस्कवर उतरतं. तुमचं उतरायचं राहिलंय, पण पेटीत बॅटरी आहे, तीन दिवस नाव धरून ठेवते. मी म्हटलं, म्हणजे मी सध्या डब्यात! हसला मेला.

बुधवार
गेटवरच्यानं विचारलं, कोण पाहिजे? काल माझ्याच डब्यातलं खाल्लंन्. घरी लेकीनं एकच ताट घेतलं. मी ओरडले तशी जीभ चावली, पण दुसरं ताट काढताना तिचा हात मध्येच थांबला. आठवत असल्यासारखा.

गुरुवार, सकाळ
चिकटपट्टी काढली. दिवा लाल झालाय. मशीनवाला कपाळ बडवत होता — बॅटरी मरायला टेकली म्हणूनच पेटी ओरडत होती, कोणी गप्प केली? मी पट्टी मुठीत चुरगळली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?
परवा काकू म्हणत होता.

गुरुवार, दुपार
लेकीनं साखळी लावूनच दार उघडलं. म्हणाली, मला आई नाही. तुम्ही चुकून आलात. किती अदबीनं — तुम्ही, तुम्ही — जन्मात मला तुम्ही म्हणाली नव्हती.

गुरुवार, संध्याकाळ
पेटीजवळ बसलेय. हटकायला कोणी येत नाही. दिवा लुकलुकतो — थांबतो — परत —
मशीनवाल्या, पट्टी मीच लावली. चूक माझी. वही पेटीवर ठेवतेय. दुसरी बॅटरी आण, उसनी आण, कुठूनही आण. वीज आली की आधी माझं नाव उतरव. जमणार नसेल तर तोंडावर सांग. उद्या शुक्रवार, दुपारच्या आत जबाब पाहिजे.
घोळ नको म्हणून नाव लिहून ठेवते. सोपं आहे, दोनच अक्षरं. माझं नाव —
माझं