कोरडं सहस्रकुंड

१८ एप्रिल, लातूर

लातूरकरांनो, नांदेडकरांनो, मांजरेच्या आणि गोदेच्या काठच्या भावाबहिणींनो! आजवर आपला फोटो दुसऱ्यांनी काढला. ते जीपमधून आले, भेगाळलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले, घागर घेतलेल्या एखाद्या बाईला "जरा हसू नका" म्हणाले आणि निघून गेले. त्या फोटोत आपण फक्त तहानलेले असतो. आपल्याला गाव नसतं, डोंगर नसतो, किल्ला नसतो, बाजार नसतो.

(पुढच्या भाषणाची सुरुवात. सभा कुठली, कधी, काही ठरलेलं नाही. राग ताजा आहे म्हणून उतरवून ठेवलं.)

राग कशाचा, तर स्वागत समितीची बैठक. जिल्हा नवा, दुष्काळ जुना. पुढच्या महिन्यात मुंबईचे पाहुणे येणार. सभागृहातली मोठी भिंत मोकळी, तिथे चित्रं हवीत. अध्यक्ष म्हणाले, महाबळेश्वर आणि काश्मीरचे फोटो मागवू, फ्रेमसकट मिळतात. मी म्हटलं, इथले का नकोत?

"इथं काय हाय वकीलसाब? पाव्हण्याला भेगा दाखवायच्या का?"

परक्याने हिणवलं तर राग येतो. घरच्याला घराची लाज वाटलेली पाहिली की मात्र भडका होतो. उठलो आणि बोललो. मधलं आठवत नाही, शेवट आठवतो: भिंत मी भरून देतो, आपल्याच मुलखाच्या फोटोंनी. नाही जमलं तर काश्मीर टांगा, खिळा मी ठोकीन!

टाळ्या. घरी येऊन सांगितलं. सौ. म्हणाली, "अहो, भाषणाला रीळ लागत नाही, फोटोला लागतं. तुम्हाला कॅमेरा धरता तरी येतो का?"

येत नाही.

२० एप्रिल

गोलाईत, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेत, अप्पांच्या फोटो स्टुडिओत गेलो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात बारीक ब्रश. एका वरमाईच्या फोटोत नथ रंगवत होते. प्रत्यक्षात नव्हती म्हणे, मोडली होती गेल्या साली.

मागे तोच पडदा: निळा तलाव, हंस, नारळाची झाडं. अर्ध्या लातूरचे संसार या तलावाकाठी उभे राहून सुरू झालेत. माझाही.

"मोकळ्या रानाचा फोटो? त्यात उभारणार कोन?"
"कोणी नाही अप्पा. रानच."
"मग त्यो घ्यायला येणार कोन?"

तासभर बोललो. सगळं वाचन ओतलं. निजामाच्या मुलखातून गेलेला एक गोरा प्रवासी चोपडीभर धूळ लिहून गेला, त्याला उत्तर द्यायला नको का, वगैरे. अप्पा नथच रंगवत होते. शेवटी ब्रश पुसून म्हणाले, "बास करा, येतो. पर तुमी बोलायलात तवा कॅमेरा हलतो. गप बसायचं."

लगेच गोलाईच्या गच्चीवर. खाली चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते सुटलेले, हातगाड्या, मिरच्यांचे ढीग, छत्र्या. दुपारच्या उन्हात प्रत्येक माणसाची सावली पायाशी गोळा झालेली. मी गप बसलो. पहिला फोटो झाला.

२५ एप्रिल, खरोसा

लेण्यांचा डोंगर. सकाळचं तिरपं ऊन दगडात शिरतं आणि खांब एकेक करून जागे होतात. एरवी हिरवळीत डोंगराचा आकार बुजतो. आता बोडका आहे, तर त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. हे मी अप्पांना सांगायला गेलो. "गप," ते म्हणाले.

तरी त्यांची खोड जाईना. समोरून मेंढ्या घेऊन एक धनगर आला. अप्पांनी पिशवीतून कंगवा काढून त्याचे केस विंचरले, पावडर लावली आणि हात सरळ ठेवून उभा केला. तो बिचारा श्वास रोखून उभा. एक मेंढी तेवढी नीट होती. मी हात जोडले, अप्पा, त्याला आहे तसा चालू द्या. धनगरच म्हणाला, "मालक, काढू द्या की त्यांना. माझा फोटू पयल्यांदाच निघायलाय." मग दोन काढले. एक त्याचा, एक डोंगराचा.

३० एप्रिल, नांदेड

बस अहमदपूर, लोह्यावरून. अंग खिळखिळं. सरळ घाटावर गेलो. गोदावरी पार पलीकडच्या कडेला सरकलीय, ओढ्याएवढी. पण त्यामुळे घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. इथल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा कधी न पाहिलेल्या. घासून गुळगुळीत, मधे कोरलेली कमळं. किती पिढ्यांचे पाय!

काठावर एक होडीवाले चाचा उलट्या होडीच्या सावलीत विडी ओढत बसलेले. "क्या निकाल रैं साब? पानी तो हैच नै."
मी म्हटलं, चाचा, पायऱ्या काढतोय.
"सीढ़ियाँ? निकालो, निकालो. पानी आया तो फिर मुँ छुपा लेंगी."

अप्पा मनापासून हसले. पहिल्यांदाच कोणाला न विंचरता फोटो काढला: पायऱ्या आणि काठावर चाचा.

१ मे, सहस्रकुंड

मुदखेडला गाडी बदलली. डब्यात तेलुगू, मराठी, दक्खनी, सगळं एकाच बाकावर. स्टेशनातून चालत पैनगंगेवर.

धबधबा नाही. पाण्याचा थेंब नाही. आणि माझे डोळे भरून आले. दुःखाने नाही. एवढा काळा खडक! रुंद, पायरीपायरीने तुटलेला, पाण्याने कोरून काढलेले रांजण, कडे, भुयारं. पावसाळ्यात लोक येतात ते पाणी बघतात. ते पाणी ज्याच्या अंगावरून पडतं तो इथे उघडा उभा आहे, ताठ. आपली माणसं अशी आहेत. म्हणजे

(लिहिता लिहिता थांबलो. अप्पांनी हाक मारली, ऊन सरतंय.)

भिंतीच्या मधोमध हाच.

७ मे, लातूर

फोटो मोठे करायचं काम. दिवसा दार-खिडक्या बंद करून अप्पा डार्करूममध्ये, मी बाहेर पाण्याच्या बादलीवर पहाऱ्याला. कागद नीट धुतला नाही तर वर्षात पिवळा पडतो, आणि धुवायला भरपूर पाणी लागतं. स्टुडिओच्या गल्लीत टँकर चार दिवसांनी येतो. शेजारच्या कोंडाबाईने बादली पाहिली आणि कंबरेवर हात ठेवले:

"बाई बाई! लेकरास्नी प्यायला न्हाई, अन् फोटूला आंगुळ!"

जन्मभर व्यासपीठावर कोणाला हार गेलो नाही. तिला गेलो. बादली तिच्या दारात ठेवली. अप्पांनी ओले फोटो ताटात घेतले, सायकलरिक्षाने त्यांच्या बहिणीच्या मळ्यात गेलो. तिथल्या विहिरीचं पाणी खारं, प्यायला नालायक. त्यात फोटो धुतले आणि धोतरांच्या दोरीवर वाळत घातले. चिंचेखाली खरोसा, गोलाई, गोदावरी, सहस्रकुंड वाऱ्यावर हलतायत. अप्पांची बहीण म्हणाली, "ह्ये समदं आपल्यातलंच हाय?" हो आक्का. सगळं.

अप्पा म्हणाले, हातानं थोडा रंग देतो, काळ्यापांढऱ्याला उठाव येईल. आकाश निळं, माती तांबूस. द्या म्हटलं.

११ मे

घात!

अप्पांच्या काचेच्या कपाटात सहस्रकुंड, आणि धबधबा वाहतोय. शुभ्र, फेसाळ, खाली निळा डोह, वर तुषारसुद्धा. इतकं सुंदर काम की क्षणभर मीही फसलो.

"अप्पा, हे काय?"
"पानी."
"कुठून आणलं?"
"जिथून वरमाईची नथ आनली तिथून." मग मान वर न करता म्हणाले, "वकीलसाब, आजारी मानूस फोटो काढाया आला तर मी गालावर लाली देतो. त्याच्या मागं घरच्यांनी कसला चेहरा बघायचा? धरती आजारी हाय. आजारपणाचा फोटो भिंतीला कोन लावतं?"

ते चुकले असं मनाला वाटेना, आणि मान्यही होईना. म्हटलं, पाहुण्यांच्या स्वागतसभेतच कोंडाबाई आणि गल्लीच्या बायका त्यांच्याकडे टँकर मागायला येणार आहेत. भिंतीवर धबधबा बघून ते काय म्हणतील?

अप्पांनी ब्रश खाली ठेवला. मग त्यांचा अहंकार जागा झाला. "फोटो माजा हाय. पुसनार न्हाई."

१२ मे

अध्यक्षांनी कपाट पाहिलं. जाम खूश. "ह्याला म्हनत्यात फोटो! भिंत तुमची वकीलसाब, काश्मीर रद्द. ह्यो मधोमध."

म्हणजे जिंकलो. आणि ज्याच्यासाठी भांडलो तेच हरलं. पाणी पुसून कोरडाच लावू म्हटलं तर अध्यक्ष म्हणाले, मग सगळंच काढा, काश्मीरला तार करतो.

सौ.ला विचारलं. "तुम्ही अप्पांना भाषण दिलं की त्यांच्याशी बोललात?" म्हणाली.

भाषणच दिलं होतं.

१३ मे

सकाळी अप्पांकडे. गप बसलो, शपथेवर. चहा झाला. मग तेच म्हणाले, बायको गेली तेव्हा तिचा एकच फोटो होता, त्यात तिच्या हातावर भाजल्याचा डाग होता. तो त्यांनी रंगाने झाकला. "आता कधी कधी वाटतंय, डाग असता तर बरं झालं असतं. त्यो तिचा होता." एवढंच. मी पाणी पुसा म्हटलं नाही. त्यांनी पुसतो म्हटलं नाही. उठलो.

१५ मे, सभागृह

आनंदाने शब्द पुढेमागे होतायत. क्रमाने लिहितो.

भिंत भरली. काचा वेळेवर आल्या नाहीत, फोटो नुसत्या फ्रेममध्ये. मधोमध वाहतं सहस्रकुंड. अप्पा रंगाची पेटी घेऊन आलेले, कुठे कोपरा उडाला तर लावायला. पाहुणे आले, सत्कार झाले. मग कोंडाबाई पुढे झाली. आवाज खणखणीत: "साहेब, आमच्या गल्लीत चार दिसाआड टँकर येतोय. रोज पाठवा."

पाहुणे सज्जन माणूस. थट्टेने भिंतीकडे बोट करून म्हणाले, "अहो, एवढं पाणी असताना टँकर कशाला?" सभागृह हसलं. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने. कोंडाबाई नाही हसली.

मी उठणार तेवढ्यात अप्पा उठले. पेटीतून टर्पेंटाइनची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि भिंतीपाशी गेले. सगळ्यांसमोर धबधब्यावर बोळा फिरवला. वरून खाली. फेस गेला. तुषार गेले. डोह पुसताना जास्त वेळ लागला, तिथे रंगाचा थर जाड होता. खालून खडक वर आला, काळा, ओला दिसणारा, टर्पेंटाइनमुळे चमकणारा.

"साहेब, त्ये पानी माजं होतं. मी आनलं होतं, मीच न्यायलो. खरं सहस्रकुंड ह्ये. अन् बाई म्हनती त्ये खरं हाय."

पाहुणे उठले, फोटोजवळ गेले, बराच वेळ उभे राहिले. "हे... हे इथलं आहे?" मग गोदेच्या पायऱ्या, खरोसा, गोलाई. प्रत्येकापाशी थांबले. धनगरापाशी हसले. कोंडाबाईला स्वतः बोलावून घेतलं, गल्लीचं नाव लिहून घेतलं. जाताना म्हणाले, मुंबईत आमच्या कचेरीतही अशी भिंत आहे, तुमचा मुलूख तिथे लावू, पण एवढ्या फोटोंनी ती भरायची नाही.

माझ्या कुठल्याही भाषणाला पडल्या नाहीत तेवढ्या टाळ्या पडल्या. आणि मी एक शब्द बोललो नव्हतो!

अध्यक्ष माझ्याजवळ येऊन: "आमाला वाटलंच होतं, कोरडाच चांगला हाय." मिठी मारली त्यांना.

१६ मे

टँकर आला नाही. कोंडाबाई म्हणाली, "नाव तर लिवून नेलंय. बघू." आज तिने स्वतःहून विचारलं, तिच्या माहेरच्या गावाजवळ किल्ला आहे, कंधारचा, त्याचा फोटो भिंतीवर का नाही? का नाही म्हणजे? आम्ही दोघं म्हातारे किती गावं फिरणार!

अप्पा म्हणतात, आता एकट्यादुकट्याचं काम नाही हे. खरंय.

१८ मे

मुंबईहून अजून काही कळलं नाही. भिंत देतील, न देतील. वाट बघत बसणं माझ्या रक्तात नाही. उद्या गोलाईत आठवडी बाजाराला उभा राहणार, टेबल न घेता, नुसत्या जमिनीवर. शेवट आधी लिहून ठेवतो, सुरुवात तिथे सुचेल.

लोकहो, घरी जा. लग्नाच्या अल्बममध्ये बघा, भावाचा कॅमेरा मागा, नाहीतर अप्पांना बैलगाडीत बसवून न्या. तुमच्या गावाचा एक फोटो काढा. डोंगराचा, वेशीचा, बारवेचा, बाजाराचा. कोरडा असेल तर कोरडा. कोणाला विंचरू नका, काही रंगवू नका. पाठीवर गावाचं नाव लिहा आणि येत्या रविवारी इथे, अप्पांच्या स्टुडिओत, स्वतःच्या हाताने आणून द्या.