मशीन ठीक आहे, दादा

१२ मार्च, दुपार

प्रिय दादा,

सा. नमस्कार. एकाच इमारतीत वरखाली राहणाऱ्या बहीणभावावर पत्राची पाळी यावी, ही प्रगतीच म्हणायची. तू फोन उचलत नाहीस. दार वहिनी उघडते आणि तू घरी नाहीस म्हणून सांगते, तेव्हा आतून तू खोकत असतोस.

बाकी ठीक. वरच्या टाकीचा नळ पुन्हा गळतोय. वहिनी म्हणाली, हल्ली तू चहा अर्धाच कप मागतोस. तिला वाटतं, साखरेला भितोस. मी मान डोलावली. आजार लपवणं ही आपल्या घराण्याची कलाच. दिसेनासं झालं तरी बाबा रोज पेपर उघडून बसायचे आणि आई रोज विचारायची, आज काय बातमी?

ऑपरेशन थिएटरात आम्ही सगळे आईच झालो होतो. तुझ्या मुठीत हत्यार नीट बसेपर्यंत सिस्टर ते सोडत नाही. तुझा असिस्टंट, आपला मौनीबाबा, सरांनी शिकवलंय म्हणत अवघड टाके स्वतःच घालतो. आणि मी पेशंटबरोबर त्याच्या नातेवाइकांनाही भूल देत आले.

मग तो बस कंडक्टर. गळ्यातली गाठ काढायला आला आणि आवाज ठेवून गेला. तू त्याला म्हणालास, असं होतं कधीकधी. होतं, दादा. पण त्याचं का झालं, ते मी त्याच्या उशाशी उभी राहून पाहिलंय.

काल त्या शाळेतल्या बाई टेबलावर होत्या. गाठ तशीच, त्याच जागी. मी मास्क जवळ नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "सर तुमचे दादा ना? मग मला कसली काळजी."

ते तुला ऐकू गेलं नाही. तू हात धुऊन आत आलास, ते छातीशी घट्ट धरून. तसे धरले की थरथर कमी दिसते. मी मास्क खाली ठेवला.

"काय गं, मशीन बिघडलं का?"

"मशीन ठीक आहे, दादा."

तू बाहेर गेलास. बाईंनी माझं मनगट सोडलं.

सगळ्यांसमोर बोलले, त्याची माफी मागते. बोलले, त्याची नाही.

वहिनीला वाटतंय, भावाबहिणीचं भांडण आहे, मिटेल. संध्याकाळपर्यंत तिला वाटू दे. मी इतका वेळ नळ आणि चहा कशाला घोळवत बसले, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आज सकाळी मी संचालकांना लेखी दिलं. तुझ्या हाताचं, कंडक्टरचं आणि माझ्या गप्प बसण्याचंही. तपासणी होईपर्यंत तुझी ऑपरेशन्स बंद. बाबांशी भांडून मला डॉक्टर तूच केलंस. मोडता घालायचा तर तेव्हाच घालायचास.

मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. मी बरोबर येते. शिव्या वाटेत दे, मला कुठे पळायचंय?

एकच मागणं. हा कागद टेबलावर ठेवून वाचू नकोस, वहिनीलाही वाचायला सांगू नकोस. हातात धर.

जिच्या रिबिनींवर तू गाठी मारायला शिकलास, ती
धाकटी